बेसबॉलमधला तरुण पिचर (चेंडू टाकणारा) जोखायचा कशावर : ईआरए की एफआयपी?

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (डावांमागे) पिचरने दिलेल्या अर्न्ड रनची सरासरी; अर्न्ड रन म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांविना गेलेल्या धावा. हिशेब सोपा: अर्न्ड रन गुणिले 9, भागिले इनिंग. पण क्षेत्ररक्षक सुस्त असला, तर त्याच्या हाती न लागलेला चेंडू हिट ठरतो आणि धावा पिचरच्या माथी.

एफआयपी (फील्डिंग इंडिपेंडंट पिचिंग) क्षेत्ररक्षण बाजूला ठेवतं. दोन्ही आकडे कमी तितके चांगले. होमरन (सहसा थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) गुणिले 13, अधिक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळालेला फुकट बेस) व फलंदाजाच्या अंगावर लागलेले चेंडू गुणिले 3, वजा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) गुणिले 2. भागिले इनिंग, अधिक साधारण 3.1 (हा आकडा एफआयपीला ईआरएच्या पातळीवर आणतो). समजा 60 इनिंग, 32 अर्न्ड रन, 6 होमरन, 20 वॉक, 65 स्ट्राइकआउट: ईआरए 4.80, एफआयपी जेमतेम 3.23. असा पोरगा खालच्या स्तरावरच्या मायनर लीगला धाडणं म्हणजे घाई.

मोसमाच्या पहिल्या महिन्यात मात्र दोन-तीन होमरनही एफआयपी फुगवतात. आणि नोंदीतल्या 5.2 इनिंग म्हणजे पाच पूर्णांक दोन तृतीयांश. दशांश समजलात की गणित फसलं.