प्राण्याचा विमा की स्वतःची गंगाजळी?

कुत्रं किंवा मांजर अजून तरुण आणि धडधाकट असेल, तर हा निर्णय आत्ताच घ्यावा. आजार उघड झाल्यावरही विमा मिळू शकतो, पण त्या आजारापुरता त्याचा काही उपयोग नसतो. मी दोन्ही मार्ग वापरले आहेत. कुत्रीचा विमा काढला होता आणि बोक्यासाठी दरमहा वेगळ्या खात्यात पैसे टाकत आलो.

विम्याची खरी ताकद आणीबाणीत दिसते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला, तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी खात्यात किती शिल्लक आहे हा विचार मनात येऊ नये, आणि विमा असला की तो बराच कमी येतो. गंगाजळीची अडचण नेमकी इथेच आहे. पहिल्या वर्षी ती तोकडी असते आणि संकट काही ती भरण्याची वाट पाहत नाही. चपट्या नाकाच्या जाती, पाठीच्या मणक्याच्या त्रासासाठी ओळखले जाणारे डॅशहुंड, सांध्यांची दुखणी असलेल्या मोठ्या जाती यांच्या बाबतीत विम्याचं पारडं निश्चित जड होतं. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा १९२४ पासून आहे आणि आज तिथल्या बहुतांश कुत्र्यांचा विमा असतो. कोणत्या जातीला कोणता आजार जास्त होतो, यावरचं कितीतरी संशोधन तिथल्या विम्याच्या नोंदींवरूनच झालं. म्हणजे ही व्यवस्था मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

तरीही काही गोष्टी खटकतात. बहुतेक पॉलिसींमध्ये बिल आधी आपणच भरायचं आणि परतावा मागून मिळतो, त्यामुळे हाताशी पैसा लागतोच. वय वाढतं तसा हप्ताही चढतो. आणि गुडघ्याचा नियम तर वाचूनच घ्यावा. कुत्र्याच्या एका गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे सांधा घट्ट धरून ठेवणारा पट्टा, फाटला, तर जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसऱ्या पायाचाही पुढेमागे फाटतो. अनेक पॉलिसी मात्र विम्याआधी एक गुडघा दुखावलेला असेल, तर दुसऱ्यालाही ‘आधीपासूनचा आजार’ मानतात.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा कौल फिरला तो केसपेपरमुळे. कुत्रीच्या कानाचा क्लेम नाकारला गेला. कारण काय, तर पॉलिसी सुरू होण्याआधीच्या एका लसीकरणाच्या वेळी ‘कान खाजवते’ असं मी सहज बोललो होतो आणि डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं होतं. पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. त्यानंतर जे झालं ते जास्त लागलं. डॉक्टरांच्या टेबलासमोर बोलताना माझी जीभ अडखळू लागली. ‘जरा लंगडल्यासारखी वाटते’ हे सांगावं की आठवडाभर थांबून पाहावं, असा हिशेब मनात सुरू झाला. पॉलिसी बदलायची झाली, तर मधल्या काळात लिहिलेलं प्रत्येक वाक्य नव्या कंपनीपुढे जाणार, हे डोक्यात असायचं. प्राण्याला बोलता येत नाही. निम्मं निदान आपल्या तोंडून होतं. ते तोंडच आखडतं घेतलं, तर महागडी यंत्रं काय करणार?

बोक्याच्या बाबतीत हे ओझं कधीच नव्हतं. तो पाणी थोडं जास्त पितोय अशी नुसती शंका आली आणि मी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. मांजराची मूत्रपिंडं जवळजवळ तीन-चतुर्थांश निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ घटक, फारसं वाढत नाही, म्हणून अशा बारीक शंकेला मोल असतं. आजार लवकर सापडला, आहार वेळेत बदलला आणि पुढची बरीच वर्षं त्याला सुखाची गेली. याला पुरावा म्हणता येणार नाही, एका मांजराचा अनुभव आहे. माझ्यापुरता मात्र तो पुरेसा होता.

महागडे उपचार करावेत का, याचं उत्तर मला उपचारागणिक वेगळं वाटतं. गर्भाशयात पू होणं, गिळलेली वस्तू आतड्यात अडकणं, अशा ठिकाणी एका शस्त्रक्रियेनंतर प्राणी पूर्ण बरा होऊ शकतो. तिथे मी हात आखडणार नाही. कुत्र्याच्या लिंफोमा या कर्करोगावरची केमोथेरपी वेगळी. ती सहसा बरं करत नाही, चांगले दिवस वाढवते, अनेकदा साधारण वर्षभर. ते दिवस कुणाला किती मोलाचे वाटतात, यात दुसऱ्याने बोलू नये. मात्र गंगाजळी असली की हा निर्णय आपण आणि डॉक्टर मिळून घेतो, मंजुरीसाठी तिसऱ्याकडे पाहावं लागत नाही.

ज्यांना दरमहा बाजूला टाकलेले पैसे तसेच राहू देणं जमत नाही, त्यांनी विमाच घ्यावा, हेही मी मनापासून सांगतो. माझ्या घरी पुन्हा पिल्लू आलं, तर पहिल्या तपासणीच्याही आधी पॉलिसी घेईन आणि त्याच महिन्यात खातंही उघडेन. एका मोठ्या शस्त्रक्रियेइतकी रक्कम साठली, की पॉलिसीचं नूतनीकरण करणार नाही.