केबल बंद करून सहा महिने: आमच्या घरात मॅच आता कशी बघतात

अण्णांच्या केबलच्या रिमोटवरचे आकडे पुसून गेले होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून रबर लावलेला तो रिमोट हातात आला की न बघता तीन बटणं दाबायची आणि मॅच लागायची. जाहिराती आल्या की बातम्या, बातम्यांचा कंटाळा आला की कबड्डी, आणि बरोबर पुढच्या ओव्हरला परत मॅच. जून २०२५ मध्ये, भारताचा इंग्लंड दौरा सुरू व्हायच्या आठवड्यात, मी घरची केबल बंद केली. तेव्हा मी फक्त पैशांचा हिशोब मांडला होता. त्या रिमोटचा विचार केला नव्हता, आणि पुढचे सहा महिने सगळ्यात जास्त कष्ट त्यावरच पडले.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात माझे वडील अण्णा, वय ७६, साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. मी, बायको आणि आठवीतली मुलगी, जी आठवड्यातून चार दिवस क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिसला जाते. टीव्ही आमच्याकडे खेळासाठीच लागतो. तुमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा मालिका चालत असतील तर माझा अनुभव तुम्हाला अर्धाच लागू पडेल.

आधी पैशांचं सांगून टाकतो. केबलचं बिल महिन्याला ४१० रुपये यायचं, म्हणजे वर्षाचे ४,९२०. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली तेव्हापासून नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक जीएसटी असे १५३ रुपये ४० पैसे आधी, आणि चॅनेलचे पैसे वेगळे, असा प्रकार सुरू झाला. खेळाचे एचडी चॅनेल घेतले की बिल चढायचंच. त्याऐवजी जूनमध्ये जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन घेतला, तेव्हा वर्षाला ८९९ रुपये, एका वेळी दोन स्क्रीनवर चालतो. सप्टेंबरमध्ये आशिया कपसाठी सोनी लिव्ह एका महिन्यापुरतं ३९९ रुपयांना. टीव्ही जुना, त्यातली अ‍ॅप रांगत चालायची, म्हणून टीव्हीला खोचून अ‍ॅप चालवायची साडेतीन हजारांची फायर स्टिक. राउटरसाठी छोटा यूपीएस १,३०० रुपये. बेरीज ६,०९८. म्हणजे पहिल्या वर्षी मी वाचवलं काहीच नाही, उलट हजारभर रुपये जास्तच गेले. बचत दिसेल ती दुसऱ्या वर्षापासून. तीसुद्धा ब्रॉडबँड आमच्याकडे लॉकडाऊनपासून आहेच म्हणून. महिन्याचे ५८९ रुपये मी यात धरलेले नाहीत. फक्त मॅचसाठी कुणी नवीन ब्रॉडबँड घेणार असेल तर त्याने हा हिशोब सरळ विसरावा, केबलच स्वस्त पडेल.

कुठली मॅच कुठे दिसते याची डोकेदुखी मात्र वाटली होती तितकी नाही. रिलायन्स आणि डिस्नेचा व्यवसाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार या दोन्ही अ‍ॅपचं मिळून जिओहॉटस्टार झालं. त्यामुळे आयपीएल, भारतातल्या भारताच्या मॅच आणि आयसीसीच्या स्पर्धा एका ठिकाणी आल्या. भारतातल्या मॅचचे हक्क २०२३ मध्ये ५,९६३ कोटींना गेले, ते मार्च २०२८ पर्यंत, म्हणजे तोवर यात फार उलथापालथ व्हायची नाही असं मी धरून चाललोय. परदेश दौऱ्यांचं वेगळं असतं. इंग्लंड दौरा टीव्ही चॅनेलवर सोनीकडे होता आणि अ‍ॅपवर जिओहॉटस्टारकडे. आशिया कप दोन्हीकडे सोनीचाच. माझा भाचा फॉर्म्युला वन बघतो, त्याला फॅनकोड लागतं. आमच्यासारख्या क्रिकेट-कबड्डीवाल्यांना एक अ‍ॅप वर्षभर आणि दुसरं लागेल तेव्हा महिन्यापुरतं, एवढं पुरतं. फक्त महिन्याचं घेतलं की त्याच दिवशी यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करून टाका. महिना संपेपर्यंत अ‍ॅप चालूच राहतं आणि पुढचे पैसे कापले जात नाहीत.

जाहिराती जात नाहीत हेही आधीच सांगतो. जाहिरातमुक्त म्हणून महागातला प्लॅन घेतला तरी लाइव्ह खेळात त्या असतातच. त्यासाठी जास्त पैसे घालू नका.

आता उशिराबद्दल. हे कागदावर वाचून कळत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. इंग्लंड दौऱ्यातल्या शेवटच्या, ओव्हलच्या टेस्टची पाचवी सकाळ, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, आपल्याला चार विकेट. मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आलो होतो. शेवटी नऊ विकेट गेल्या, वोक्स एक हात झोळीत बांधून मैदानात आला, आणि अ‍ॅटकिन्सन समोर. जिंकायला सात धावा. सिराज रन-अपच्या टोकाला उभा आहे, बॉल अजून त्याच्या हातात आहे, आणि खालच्या मजल्यावरून आरोळी आली. लगेच समोरच्या बिल्डिंगमधून दुसरी. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गेला काय रं?" आमच्या स्क्रीनवर सिराज तेव्हा कुठे धावायला लागला होता. मग यॉर्कर, ऑफ स्टंप उडाला, सहा धावांनी जिंकलो, सगळं दिसलं. पण पाच टेस्ट, पंचवीस दिवस ज्या बॉलची वाट बघितली, तो बॉल पडायच्या आधी आम्हाला निकाल कळला होता. अण्णा टाळ्या वाजवून उठले, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा नेहमीसारखा खुलला नाही, आणि मला ते लागलं.

हा कुणा एका अ‍ॅपचा दोष नाही, पद्धतच तशी आहे. मॅचचं चित्रण काही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, इंटरनेटवरून ते तुकडे येतात, आणि मध्येच अडकू नये म्हणून अ‍ॅप दोनतीन तुकडे हाताशी ठेवूनच दाखवायला सुरुवात करतं. केबलला हा साठा करावा लागत नाही. पुढच्या एका लाइव्ह मॅचला खालच्या काकांना फोन लावून मी स्टॉपवॉच धरलं. आमचं चित्र त्यांच्यापेक्षा २८ सेकंद मागे होतं. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. मध्ये एकदा जरी चित्र अटकलं किंवा कुणी पॉज केलं, तरी आपण तेवढे आणखी मागे राहतो आणि ते आपोआप भरून निघत नाही. स्क्रीनवरचं 'लाइव्ह' दाबून पुढे यावं लागतं. आता शेवटच्या पाच ओव्हरच्या आधी आम्ही न चुकता ते दाबतो. खिडकी लावतो. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट, स्कोअरच्या नोटिफिकेशन बंद. तरी वीस-बावीस सेकंदांच्या आत आम्ही कधी आलो नाही.

चित्राची गुणवत्ता चांगली आहे, केबलच्या एचडीपेक्षा मला तरी स्वच्छ वाटते. सुरुवातीला मात्र बॉल हातातून सुटला की बारीक झटके देत जायचा आणि अण्णा म्हणायचे डोळे दुखतात. कारण शोधायला दोन आठवडे लागले. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं आणि स्टिक टीव्हीला ६० पाठवत होती. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०पी, ५० हर्ट्झ केलं आणि झटके गेले. कुणी हे सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

इंटरनेट एकदाच दगा देऊन गेलं, पण ते १४ सप्टेंबरला, भारत-पाकिस्तान. आदल्या दिवशी ड्रेनेजच्या खोदाईत आमच्या गल्लीची फायबर तुटली, रविवारी दुरुस्तीला कुणी आलं नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मॅच लावली. रोजचा दीड जीबीचा पॅक तासाभरात संपला, मग टॉप-अप मारून आणि चित्राचा दर्जा उतरवून मॅच पुरी केली. केबल असतानाही पोलवरच्या अँप्लिफायरची वीज गेली की सगळं बंद व्हायचंच. पण तेव्हा केबलवाल्या भाऊला हाक मारली की तो तासाभरात शिडी घेऊन यायचा. ब्रॉडबँडवाल्यांकडे तक्रार नंबर मिळतो, माणूस मिळत नाही. शिवाय केबलवरचं सांगलीचं लोकल चॅनेल गेलं. पाणी कधी येणार, गणपतीची मिरवणूक कुठवर आली, कोण वारलं, हे अण्णांना तिथे कळायचं. त्याला पर्याय अजून सापडलेला नाही.

मिळालं त्यात सगळ्यात मोठं माझ्या मुलीला मिळालं. केबल होती तेव्हा घरात एक टीव्ही आणि रिमोट अण्णांकडे, त्यामुळे महिलांची मॅच पुरुषांच्या मॅचला धडकली की ती राहायचीच. आता दोन स्क्रीन चालतात. महिलांच्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला, ३० ऑक्टोबरला, जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, ३३९ चा पाठलाग झाला, त्या रात्री मुलगी अर्ध्यात झोपली होती. सकाळी उठून तिने शाळेच्या आधी जेमिमाची अख्खी खेळी पहिल्या बॉलपासून बघितली. वही घेऊन बसली होती, कुठल्या बॉलला पाय कुठे गेला ते लिहीत. नंतर २ नोव्हेंबरचा फायनल, नवी मुंबईत, पावसाने उशिरा सुरू झालेला. सांगलीला त्या रात्री कुणी झोपलं असेल असं वाटत नाही, कारण स्मृती मानधना आपल्या माधवनगरची. तिने त्या वर्ल्ड कपात ४३४ धावा काढल्या. खालचे काका-काकू आमच्याकडेच आले होते बघायला, त्यामुळे निदान खालून आरोळी आली नाही. हरमनप्रीतने मागे पळत कॅच घेतला तेव्हा आम्ही सगळे एकाच वेळी ओरडलो.

आणि कुस्ती. हे मी धरलंच नव्हतं. कुंडलचं मैदान, गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या, बैलगाडा शर्यती, सगळं यूट्यूबवर लाइव्ह असतं, फुकट. मोठ्या स्क्रीनवर ते दिसायला लागल्यावर अण्णांनी केबलची आठवण काढणं बरंच कमी केलं.

अण्णांना हे सगळं स्वतः लावता यायला मात्र तीन महिने लागले. त्यांना स्क्रीनची भीती नव्हती. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट आणि मराठीत होती, ती त्यांनी माझ्या फोनवरच बघितली होती. केदार जाधव तिथे मराठीत समालोचन करत होता आणि तिथूनच बेंगळुरूने त्याला खेळायला बोलावलं, हे ते अजून कौतुकाने सांगतात. अडचण अशी की केबलमध्ये बटण दाबलं की मॅच, आणि इथे मॅचच्या आधी चार दारं. कोण बघतंय विचारणारं पान, अपडेटची पाटी, मग खाली खाली सरकत जाणाऱ्या रांगा. मी अ‍ॅप होम स्क्रीनवर पहिल्या जागी आणून ठेवलं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: घराचं चित्र, मग उजवीकडे एकदा, मग मधलं गोल. ते जमायला लागलं.

मग ३ डिसेंबर आला. आदल्या रात्री मी फोन बदलला आणि खबरदारी म्हणून सगळी उपकरणं लॉग-आउट करून टाकली, टीव्हीसुद्धा. दुपारी दीडला रायपूरची वनडे. टीव्हीवर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागत होतं. ओटीपी माझ्या फोनवर आला आणि मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. अण्णा दोन तास त्या पानासमोर बसून होते. ऋतुराज गायकवाडचं पहिलं वनडे शतक त्यांनी खालच्या काकांच्या टीव्हीच्या आवाजावर ऐकलं. संध्याकाळी आम्ही रिप्ले लावला, १०५ मधला प्रत्येक फटका बघितला, पण ते म्हणाले, "लाइव्ह ते लाइव्हच." त्याच रात्री मी अकाउंट त्यांच्या नंबरवर करून घेतलं. आता ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, ते चष्मा लावून वाचतात आणि स्वतः भरतात. घरात वडीलधारं माणूस एकटं असतं, आणि तुम्ही अ‍ॅप घेणार असाल, तर पहिल्याच दिवशी अकाउंट त्यांच्या नंबरवर काढा. मी जूनमध्ये हे केलं असतं तर ती दुपार वाया गेली नसती.

तळमजल्यावरचे काका मला विचारत होते, आम्ही पण बंद करू का. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मालिका बघता आणि नेट तुमच्याकडे नाही, तुम्ही केबल ठेवा. आम्ही मात्र परत जाणार नाही. केबलची वायर खिडकीपाशी वेटोळं करून बांधून ठेवली होती, ती दिवाळीच्या साफसफाईत काढली.

२८ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी मी मार्केटला गेलो होतो. येतो तर जिन्यातच टीव्हीचा आवाज. श्रीलंकेविरुद्धची महिलांची टी-ट्वेंटी लागलेली, स्मृती आणि शेफाली खेळतायत, नवा रिमोट अण्णांच्या मांडीवर, त्यालाही आता पिशवी आणि रबर. आतल्या खोलीकडे तोंड करून ते नातीला हाक मारत होते, "ये गं लवकर, आपली स्मृती लागलीय."