अनोळखी पारा-संयुग: जीसी-ईआय की एचपीएलसी-आयसीपी?

पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय पाऱ्याचा नमुना आला की पहिला प्रश्न हाच. दोन्हींत घटक आधी वेगळे करून मग आयनांचं वस्तुमान मोजतात: जीसी-ईआयमध्ये वायुरूपात वेगळे करून इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं आयन बनवतात, एचपीएलसी-आयसीपीमध्ये द्रवात वेगळे करून अतितप्त प्लाझ्मात. ईआयमध्ये रेणू दिसतो. पाऱ्याच्या सात स्थिर समस्थानिकांची (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) रांग, त्यात वस्तुमान 202 चं शिखर सर्वांत उंच, बघताक्षणी ओळखू येते. पण तापलेल्या आयन-स्रोतात, म्हणजे आयन बनतात त्या कप्प्यात, पाऱ्याला जोडलेल्या सेंद्रिय गटांची अदलाबदल होते. डायफिनाइलमर्क्युरीनंतर लगेच डायइथाइलमर्क्युरी सोडलं, तर नमुन्यात मुळात नसलेलं इथाइलफिनाइलमर्क्युरी उमटू शकतं. असल्या शिखराला नवं संयुग समजून मी अख्खा आठवडा घालवलाय.

आयसीपीच्या प्लाझ्मात रेणूच उरत नाही, ओळख फक्त एचपीएलसीच्या स्तंभातून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडण्याच्या वेळेवर. पारा नळ्यांना चिकटतो, तो सोन्याच्या द्रावणानं धुवावा लागतो. प्रमाण मोजायचं तर मी आयसीपीच घेते. संयुग अनोळखी असेल तर ईआय, पण स्रोत जमेल तितका थंड आणि दोन नमुन्यांमध्ये कोरी धाव (नमुन्याविना यंत्र चालवणं) हवीच.