माळ्यावर पडून राहिलेली इलेक्ट्रिक गिटार : पुण्यातील एका कार्यशाळेत केलेली दुरुस्ती

माझ्या मावसभावाची स्क्वायर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर चिपळूणच्या घरी माळ्यावर कित्येक पावसाळे पडून होती. तारा तपकिरी पडल्या होत्या, ब्रिजचे स्क्रू गंजले होते आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवले की अँपमधून (ध्वनिवर्धकातून) मोठी खरखर येत असे. अशा गिटारवर पैसे खर्च करावेत की थोडी भर घालून नवीच घ्यावी, हा प्रश्न अनेकांपुढे असतो. म्हणून कर्वे रस्त्याजवळच्या या लहान कार्यशाळेतील काम मी तपशिलाने लिहीत आहे.

येथे मला सर्वांत मोलाची वाटली ती कामापूर्वीची तपासणी. त्याआधी एका दुकानात गिटार पाहताक्षणीच तिन्ही पिकअप (तारांचे कंपन टिपून विद्युत संकेत करणारे भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला होता. येथील कारागिराने मात्र गिटार अँपला जोडून आधी नुसती गुणगुण ऐकली आणि मग तारांवर हात ठेवला. एरवी तारांना हात लागला की सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे पिकअप असलेल्या) गिटारची गुणगुण बरीच कमी होते. येथे ती तेवढीच राहिली. तेवढ्यावरून त्याने मागचे झाकण उघडले, आणि ट्रेमोलोच्या (दांडी हलवून स्वर डोलवणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगा ज्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात, त्या पट्टीवरील अर्थिंगच्या तारेचे सोल्डर सुटलेले दाखवले. पट्टीवरचा गंज घासून तार पुन्हा जोडली, सैल झालेल्या जॅकची पात वाकवून घट्ट केली आणि पॉटमध्ये (बटणाखालच्या नियंत्रकात) काँटॅक्ट क्लीनर मारला, एवढ्यावर विजेचे काम संपले. पिकअप मूळचेच राहिले आणि उत्तम वाजत आहेत. उरलेली बारीक गुणगुण सिंगल कॉइलच्या रचनेतलीच आहे, ती पूर्ण जाणार नाही, हेही त्याने आधीच स्पष्ट सांगितले.

सेटअपचे, म्हणजे नेक, तारांची उंची आणि स्वर जुळवण्याचे, काम त्याने ज्या क्रमाने केले, तो क्रम प्रत्येक वादकाने समजून घ्यावा असा आहे. तारा कोणत्या जाडीच्या लावायच्या हे आधी ठरवावे लागते, कारण 9 ते 42 (इंचाचे हजारावे भाग) जाडीचा सर्वसाधारण संचसुद्धा नेकवर (गिटारच्या मानेवर) 40 किलोच्या आसपास ओढ आणतो आणि नेकच्या आतील पोलादी ट्रस रॉड त्या ओढीला तोलून धरतो. आमच्या गिटारची नेक पुढे वाकली होती आणि ट्रस रॉड फिरवण्याचा नट घट्ट बसला होता. कारागिराने त्यावर जोर केला नाही. तारा सैल करून, नट साफ करून, एका वेळी पाव फेरा एवढाच फिरवून नेकला रात्रभर स्थिरावू दिले. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण पाव मिलिमीटर फट राहील, इथवर नेक आणली, आणि मगच सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो भाग) वरखाली करून तारेची उंची सतराव्या फ्रेटवर 1.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवली. हा क्रम उलटा केला तर नेक हलताच उंचीचे सगळे माप पुन्हा बिघडते.

पहिल्या दोन तारा मधल्या फ्रेटवर झणझणत होत्या. तंबोऱ्यात जी जवारी आपण सूत सरकवून मुद्दाम मिळवतो, तीच फ्रेटच्या वाद्यावर स्वर खाऊन टाकते. तीन फ्रेटवर टेकेल एवढी लहान पट्टी ठेवून त्याने वर आलेले फ्रेट शोधले, तेवढेच घासून समतल केले, त्यांना पुन्हा गोलाई दिली आणि पॉलिश केले. फ्रेटच्या मिश्रधातूत तांबे असल्याने दमटपणात त्यांवर हिरवट थर चढतो. तो निघाल्यावर बोट तारेसह आडवे सरकताना होणारी करकर थांबली. सगळे फ्रेट बदलण्याची गरज नाही, हा निर्णयही त्याचाच, आणि त्यामुळे माझा मोठा खर्च वाचला.

इंटोनेशनचे, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागण्याचे, काम अतिशय चोख आहे. बारावा फ्रेट 25.5 इंची तारेच्या बरोबर मध्यावर असतो, परंतु दाबताना तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. म्हणून प्रत्येक सॅडल थोडे मागे घेऊन बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) जुळवावा लागतो. जुन्या तारांवर हे जुळत नाही, त्यामुळे त्याने नव्या तारा लावूनच हे केले. आता वरच्या फ्रेटवरील कॉर्डही सुरेल लागतात.

नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात, त्या पट्टीच्या (तिलाही नटच म्हणतात) बाबतीत मात्र काम कमी पडले. नव्या नटमधील तिसऱ्या तारेची खाच अरुंद राहिली आहे. तार ताणून सोडली की ती अडकते आणि स्वर उतरलेला राहतो. इतक्या बारकाईने फ्रेट पाहणाऱ्या हातून हे निसटावे, याचे मला वाईट वाटले. शिवाय केलेल्या मापांची नोंद लिहून मिळत नाही. ती मिळाली तर पुढच्या पावसाळ्यानंतर काय बदलले हे वादकाला स्वतः ताडून पाहता येईल.

तारा आणि फ्रेटचे काम धरून साडेतीन हजार रुपये लागले, आणि झालेल्या कामाच्या मानाने मला ते योग्य वाटतात. खाच विनामूल्य रुंद करून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. कोकणातून किंवा मुंबईतून गिटार आणणाऱ्यांनी ती शक्यतो दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर द्यावी. भर पावसाळ्यात जुळवलेली नेक हिवाळ्यात पुन्हा हलते, आणि येथे तीन महिन्यांच्या आतली ट्रस रॉडची फेरतपासणी मोफत असली, तरी त्यासाठी गिटार पुन्हा पुण्याला आणावी लागते.