अपवर्क : नवख्या कंत्राटी प्रोग्रामरच्या दृष्टीने

नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामे घेऊ लागणाऱ्याला पहिली काळजी काम मिळण्याची असते. केलेल्या कामाचे पैसे अनोळखी ग्राहकाकडून हाती कसे येतील, हा प्रश्न पहिले बिल थकेपर्यंत त्याला पडत नाही. ग्राहक आणि स्वतंत्रपणे काम करणारे यांची इंटरनेटवर गाठ घालून देणाऱ्या व पैशांचा व्यवहारही सांभाळणाऱ्या अपवर्क या सेवेचे मोल मला या दुसऱ्या प्रश्नामुळे अधिक वाटते. १९९९ साली सुरू झालेली ईलान्स आणि २००३ साली सुरू झालेली ओडेस्क या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून ही सेवा उभी राहिली आणि २०१५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

येथे कंत्राटे दोन प्रकारची असतात आणि नवख्याने त्यांतला फरक काम घेण्याआधीच नीट समजून घ्यावा. ठरावीक रकमेच्या कंत्राटात ग्राहक प्रत्येक टप्प्याची, म्हणजे माइलस्टोनची, रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा करतो. काम रीतसर सादर केल्यावर त्याने १४ दिवसांत काहीच कळवले नाही, तर ती रक्कम आपोआप मोकळी होऊन आपल्याला मिळते. तासावारी कंत्राटात मात्र वेळ त्यांच्या अ‍ॅपमधून नोंदवावा लागतो, आणि ते अ‍ॅप साधारण दर दहा मिनिटांच्या अवधीत एकदा पडद्याचे छायाचित्र टिपते. ही देखरेख सुरुवातीला मला फार जाचक वाटली होती, पण ग्राहकाने बिलावर हरकत घेतली तर हीच नोंद आपल्या बाजूने उभी राहते, हे कळल्यावर मी तिच्याकडे पुरावा म्हणून पाहू लागलो. हाताने भरलेल्या तासांना हे संरक्षण मिळत नाही, आणि कंत्राटात ठरलेल्या तासांच्या साप्ताहिक मर्यादेपलीकडे केलेल्या कामालाही नाही.

माझे नुकसान झाले ते नियम ठाऊक असूनही. एका ग्राहकाने घाई केली म्हणून माइलस्टोनची रक्कम जमा होण्याआधीच मी लॉगिनचा संपूर्ण भाग लिहून त्याच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवण्याच्या जागेत, चढवला. त्यानंतर त्याच्याकडून ना पैसे आले, ना उत्तर. एस्क्रोमध्ये काहीच नसल्यामुळे मोकळे करण्यासारखेही काही नव्हते. दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडमधील दोष शोधण्याचे काम असेल, तर त्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. असे काम मी आता तासावारीच घेतो, आणि मागण्या लेखी व नेमक्या असतील तेव्हाच ठरावीक रक्कम मान्य करतो.

आपल्या कमाईतून अपवर्क कापून घेते त्या कमिशनबद्दल मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. २०२३ पासून ते सरसकट १० टक्के होते; मे २०२५ पासून नव्या कंत्राटांवर ते शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कंत्राटागणिक ठरते. एकदा सुरू झालेल्या कंत्राटाचा दर बदलत नाही ही जमेची बाजू असली, तरी प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा मांडावा लागल्याने स्वतःचा तासाचा दर ठरवणे नवख्याला अवघड जाते. शिवाय कामाच्या जाहिरातीला प्रस्ताव पाठवण्यासाठी ‘कनेक्ट्स’ नावाची या सेवेची टोकने खर्च होतात आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात. म्हणून पैसे देण्याची पद्धत पडताळलेली नाही अशा ग्राहकाला, किंवा एका ओळीत सगळे काम मागणाऱ्या जाहिरातीला, मी प्रस्ताव पाठवत नाही. येथे भेटलेल्या ग्राहकाशी दोन वर्षे व्यवहार याच सेवेमार्फत करावा लागतो, अन्यथा वेगळे शुल्क भरून मोकळे व्हावे लागते. दीर्घकाळ चालेल अशा कामाच्या बोलणीत ही अट विसरून चालत नाही.

ओळखीतून कामे मिळणाऱ्या अनुभवी माणसाला मी ही सेवा सुचवणार नाही. ज्याच्याकडे अजून एकही ग्राहक नाही, त्याने येथे आठवड्याभरात पुरे होईल असे, आधी रक्कम जमा झालेले छोटे काम घेऊन सुरुवात करावी, आणि कमिशन धरूनच दर सांगावा.