अतिनील एंडोस्कोप, आठ महिन्यांनंतर: रिले की संकरित?

इंजिनात डोकावणाऱ्या अतिनील एंडोस्कोपच्या माहितीपत्रकात रिझोल्यूशन ठळक छापलेलं असतं. सिलिंडरमधली ज्योत ३०८ नॅनोमीटरला टिपताना मात्र अडतं ते उजेडापाशी. तपासणीचा नेहमीचा बोअरस्कोप (आत डोकावायची नळी) इथे बादच. त्याची काच आणि भिंगं चिकटवणारं सिमेंट मिळून हा उजेड जवळपास सगळा गिळतात.

पहिला प्रकार क्वार्ट्झ आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या भिंगांच्या लांब रिलेचा, म्हणजे चित्र पुढे पुढे नेणाऱ्या रांगेचा, मधे नुसती हवेची फट. रंगदोष छान आवरलेला. ओएच (ज्वालेत तयार होणारा, ३०८ ला चमकणारा हायड्रॉक्सिल कण) टिपून झाला की लगेच फॉर्माल्डिहाइडची ४०० नॅनोमीटरच्या आसपासची चमक टिपायची असेल तर हाच घ्यावा. पण परावर्तन रोखणारा लेप नसेल तर दर पृष्ठभागावर साधारण ३.८ टक्के उजेड परत फिरतो. म्हणजे २० भिंगं, ४० पृष्ठभाग, आणि शेवटी हाती जेमतेम २१ टक्के!

दुसरा संकरित, म्हणजे भिंगांच्या जोडीला विवर्तक घटक (बारीक खाचांनी उजेड वळवणारा) घातलेला. भिंगं कमी, अपर्चर मोठं. इंजिनाच्या एकेका आवर्तनातलं ओएचचं चित्र सरासरी न काढता वाचता येतं. मात्र रंगदोषाची दुरुस्ती तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यापुरतीच. पट्टा सोडला की कडा पाघळतात, आणि विवर्तनाच्या नको त्या ऑर्डरचा (भलत्याच दिशेने वळलेला) धूसर उजेड काँट्रास्ट खातो तो वेगळाच.

फोकस पांढऱ्या दिव्यात लावू नये. एकट्या क्वार्ट्झ भिंगाचं नाभीय अंतर ५८९ च्या तुलनेत ३०८ ला सुमारे ६ टक्क्यांनी घटतं. कमी दाबाच्या पारा-दिव्याची ३१३ ची रेषा वापरावी, फोकस जुळवायची ठिपक्यांची पट्टी क्वार्ट्झवरचीच घ्यावी, आणि अतिनील रोखणाऱ्या चष्म्याशिवाय दिवा लावू नये.

फिल्टरमध्ये फसगत हमखास होते. अतिनील सोडून दृश्य उजेड अडवणारी यूजी११ काच ७०० च्या पुढे थोडा लाल उजेड सोडते. काजळी तापून चमकली की इंटेन्सिफायर (कॅमेऱ्यापुढचा, मंद उजेड वाढवणारा भाग) तोही टिपतो आणि पडद्यावर ओएच वाढल्याचा भास होतो. सोबत ३१० चा बँडपास (तेवढा अरुंद पट्टाच सोडणारा फिल्टर) हवाच, आणि तो समांतर किरणांत. तिरप्या किरणांना त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो.

सिलिंडरची खिडकी काजळीने काळी पडणारच. म्हणून प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर सम उजेडाचं एक चित्र घ्यावं. दोन्हींत मोठा फरक दिसला तर त्या रनमधल्या तीव्रतेची तुलना सोडून द्यावी. लेसर वापरत असाल तर तेलाची पातळ साय स्वतःच चमकते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. फ्लोराइडचं भिंग मऊ असतं, ओरखडा लगेच पडतो. शिवाय तापून एकदम गार झालं तर तडकतं, म्हणून ज्वालेकडचं भिंग क्वार्ट्झचं आहे ना, हे विचारूनच ऑर्डर द्यावी.