मागणी आली की मेसेज पाठवायचा: क्युपिड प्रोटॉनमधले तीन मार्ग

अपाचे क्युपिड प्रोटॉन म्हणजे प्रोग्रॅममधून मेसेज पाठवण्या-घेण्याची लायब्ररी. तिचं पायथनमधलं पहिलं उदाहरण बघितलं की सगळं सोपं वाटतं. कंटेनर (कनेक्शन आणि इव्हेंट सांभाळणारा लूप) चालू करायचा, ब्रोकरने (मेसेज घेऊन पुढे देणाऱ्या सर्व्हरने) क्रेडिट, म्हणजे इतके मेसेज पाठवा अशी परवानगी, दिलं की ‘ऑन-सेंडेबल’ला हाक येते, तिथे मेसेज पाठवायचा. गोची पुढे आहे. ऑर्डर येते वेब रिक्वेस्टमधून, भलत्याच थ्रेडवर. कंटेनर मात्र आपल्या लूपमध्ये गुंग. हाक आली तेव्हा पाठवायला काही नव्हतं, तर मेसेज तयार झाल्यावर ती पुन्हा येईलच असं नाही. क्रेडिट आहे, मेसेज आहे, तरी पान हलत नाही! आणि दुसऱ्या थ्रेडवरून थेट सेंडरला (मेसेज पाठवणाऱ्या ऑब्जेक्टला) हात लावायची सोय नाही, कारण प्रोटॉनचे ऑब्जेक्ट थ्रेड-सेफ नाहीत, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरायला सुरक्षित नाहीत.

टायमर लावून दर काही मिलिसेकंदांनी पाठवायच्या मेसेजची रांग तपासणं हा पहिला मार्ग. चालतो, पण रिकामा लूप उगाच फिरत राहतो आणि मेसेज पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतो. मी तरी वापरणार नाही.

दुसरा, ब्लॉकिंग-कनेक्शन. कोड सरळ: सेंड म्हणा, ब्रोकरने स्वीकारला की पुढची ओळ, नाकारला तर तिथेच एक्सेप्शन. रात्री एकदा चालणाऱ्या स्क्रिप्टला याहून चांगलं काही नाही. पण दर मेसेजला एक फेरी वाट बघावी लागते, आणि एक कनेक्शन अनेक थ्रेडना वाटायचं तर लॉक आलाच. शिवाय तुम्ही गप्प असता तेव्हा लूपही फिरत नाही, म्हणजे हार्टबीट (कनेक्शन जिवंत असल्याचे इशारे) जात नाहीत. आमच्या एका सर्व्हिसची रोज सकाळची पहिली ऑर्डर पडायची. रात्रभर शांत राहिलेलं कनेक्शन ब्रोकरने केव्हाच तोडलेलं असायचं. दोन दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या नावाने खडे फोडत होतो.

तिसरा, इव्हेंट-इंजेक्टर. वेब थ्रेडने फक्त ‘ट्रिगर’ म्हणायचं. इव्हेंट रांगेत पडतो, पाइपमध्ये एक बाइट लिहिला जातो आणि लूप जागा होतो. इव्हेंटच्या नावाआधी ‘ऑन’ जोडलेली तुमची मेथड लूपच्याच थ्रेडवर चालते, त्यामुळे सेंडरला तिथे बिनधास्त हात लावा. मात्र क्रेडिट बघितल्याशिवाय नाही: ते शून्य असताना सेंड केलं तर मेसेज मेमरीत साचत जातो. म्हणून आपली वेगळी रांग ठेवायची आणि ती या मेथडमधूनही रिकामी करायची, ऑन-सेंडेबलमधूनही. एकाच ठिकाणी केलंत तर वरची गोची परत. ग्राहकाला ‘पोहोचलं’ सांगायचं असेल तर आणखी काम: पावती ‘ऑन-अॅक्सेप्टेड’मध्ये लूपवर येते, ती मूळ रिक्वेस्टशी तुम्हालाच जुळवावी लागते.

सतत चालणाऱ्या वेब सर्व्हिसला मी इंजेक्टरच घेईन. दिवसाला चार मेसेज जात असतील तर ब्लॉकिंगच, पण दर वेळी नवं कनेक्शन उघडून. सी-प्लस-प्लसवाल्यांना एवढा विचार करायला नको. तिथे सेंडरच्या वर्क-क्यूमध्ये फंक्शन टाकलं की ते योग्य थ्रेडवर चालतं. क्रेडिट मात्र तिथेही तपासावं लागतं.